बंदरावरची तेलकट जमीन झाडं लावून साफ होते का?

खाडीवरचा

नमस्कार मंडळी. दापोलीच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या बंदराला लागून गावकीची साधारण आठ गुंठे जागा आहे. तिथे वर्षानुवर्षं होड्या ओढून वर घ्यायच्या, पावसाळ्यात शाकारून ठेवायच्या, बुडाचा रंग खरवडायचा, इंजिनं उघडायची, जुनं ऑइल तिथंच ओतायचं असं सगळं चालायचं. आता जेटी पलीकडे झाली, होड्या तिकडे लागतात आणि ही जागा मोकळी पडलीय. बचत गटाच्या बायकांनी गावकीत मागणी केली की आम्हाला द्या, आम्ही अळू, माठ, मुळा लावतो आणि बाजारात विकतो. मागणी रास्त आहे, गावात पाण्याची सोय असलेली सपाट जागा आहेच किती. पण जमीन बघितली तर वरचा थर काळा, चिकट, दुपारच्या उन्हात डिझेलचा वास येतो आणि मधल्या पट्ट्यात गवतसुद्धा उगवत नाही, कडेने हरळी आणि रुई तेवढी आहे. एका कोपऱ्यात जिथे रंग खरवडायचे तिथे लाल-निळे पापुद्रे अजून मातीत दिसतात.

वाचलं होतं की काही झाडं आणि त्यांच्या मुळांवरचे जीवाणू मिळून अशी जमीन साफ करतात, सूर्यफूल, मोहरी, वाळा वगैरे. हे खरं आहे का, किती वेळ लागतो, आणि मिरगाच्या आत काय लावून ठेवता येईल? जागेच्या उतारावर खालच्या अंगाला एक विहीर आहे, पिण्याला वापरत नाहीत पण गुरं आणि धुणं आहे. दुसऱ्या अंगाला खाडी, तिवरांची रांग. कुठल्या कंपनीला काम द्यायला गावकीकडे पैसे नाहीत, जे काय करायचं ते हातानेच. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

परसबाग

वाचतेय. आमच्याकडेही जुन्या गॅरेजची जागा आहे, तोच प्रश्न. सूर्यफुलाबद्दल मीपण ऐकलंय, चेर्नोबिलला लावली होती ना?

मृण्मयी_द

मी मृदशास्त्र शिकलेय आणि याच विषयात थोडं काम केलंय, त्यामुळे जरा लांब लिहिते.

खाडीवरचा, तुमच्या एका जागेत दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचं औषध वेगळं आहे. डिझेल आणि ऑइल हा कार्बन आहे. जीवाणू तो खाऊ शकतात, खाऊन त्याचा शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात, म्हणजे खरोखर संपवतात. रंगातलं शिसं, तांबं, जस्त हे मूलद्रव्य आहे, ते कुणीच संपवू शकत नाही, ना झाड ना जीवाणू. ते फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं किंवा असेल तिथं घट्ट धरून ठेवता येतं. लोक या दोन्हीला मिळून एकच 'झाडांनी जमीन साफ' म्हणतात आणि मग निराश होतात.

आधी तेलाचं, कारण तिथं चांगली बातमी आहे. झाड स्वतः तेल फारसं पीत नाही. झाड मुळांतून साखर, आम्लं, अमिनो आम्लं बाहेर सोडतं, त्यामुळे मुळाला चिकटलेल्या मातीत जीवाणूंची संख्या बाजूच्या मोकळ्या मातीपेक्षा दहा ते शंभर पट असू शकते. त्यात स्युडोमोनास, बॅसिलस, रोडोकॉकस असे तेल तोडणारे असतात. ते तेलाच्या लांब साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतात, त्याचं मेदाम्ल होतं आणि मग ते मेदाम्ल दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत खाऊन टाकतात. ऑक्सिजन पाहिजेच, म्हणून चिखलात, पाणी साचलेल्या जागेत हे काम जवळजवळ थांबतं. मुळांमुळे माती भुसभुशीत होते आणि हवा आत जाते, हा झाडाचा दुसरा उपकार. म्हणून तंतुमय मुळांची गवतं यात सगळ्यात कामाची. तुमच्याकडे कडेने हरळी आपोआप आत सरकतेय ना, ती हेच काम करतेय, ती उपटू नका.

दुसरं म्हणजे तेलात कार्बन भरपूर पण नत्र आणि स्फुरद नाही. जीवाणूंना वाढायला तिन्ही लागतात, पुस्तकात शंभराला दहाला एक असं प्रमाण देतात. १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर बाहेरचे जीवाणू न टाकता खत मारलं होतं, तिथलेच जीवाणू जागे व्हावेत म्हणून. त्यामुळे बाजारात कल्चरच्या बाटल्या मिळतात त्यावर आधी पैसे घालू नका. इतकी वर्षं तेल पडलेल्या मातीत ते खाणारे जीवाणू आधीच आलेले असतात, ते उपाशी आहेत आणि गुदमरलेत एवढंच.

धातूंचं रात्री लिहिते, ऑफिसला उशीर होतोय.

नाखवा२२

रंगाबद्दल मी सांगतो कारण आमचा धंदाच तो. लाकडी होडीला बुडाला जो रंग लावतात तो साधा रंग नसतो, त्यात तांब्याचं औषध असतं म्हणजे शिंपले-शेवाळ चिकटत नाही. पूर्वी त्यात कथिलाचं एक फार जहाल औषध यायचं, कालवांवर त्याचा वाईट परिणाम व्हायचा, नंतर जगभर त्याच्यावर बंदी आली, २००८ पासून. आणि रंगाच्या आधी लाकडाला शेंदरी रंगाचं रेड लेड मारायचे, ते शिसंच आहे. रेड ऑक्साइड वेगळं, ते लोखंडाचं, पण वाळल्यावर दोन्ही सारखंच दिसतं त्यामुळे पापुद्रे बघून ओळखू नका, टेस्ट करा. दर वर्षी मच्छीमारी बंद असते तेव्हा जुना रंग खरवडून नवीन मारायचा, असा कित्येक वर्षांचा रंग त्या कोपऱ्यात असणार. पोरांना त्या कोपऱ्यात खेळू देऊ नका हे सगळ्यात आधी.

खाडीवरचा

नाखवा, हे माहीतच नव्हतं, मी तेलाचीच काळजी करत होतो. पोरं तिथं क्रिकेट खेळतात, उद्याच तिथं काट्यांचं कुंपण घालून टाकतो.

लॅबवाला

टेस्टबद्दल. मी पाणी-माती तपासणीच्या लॅबमध्ये आहे. सॉइल हेल्थ कार्डवर विसंबू नका, त्यात बारा गोष्टी असतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, पीएच, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तेल यातलं काहीच नसतं. जस्त-तांबं पण पिकाला मिळेल तेवढंच मोजतात, एकूण किती ते नाही. म्हणून एनएबीएल (लॅबची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला सांगायचं की एकूण शिसं, तांबं, जस्त, कॅडमियम आणि टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम तेल असं पाहिजे.

सॅम्पल काढायची पद्धत महत्त्वाची आहे, निम्मे रिपोर्ट तिथंच बिघडतात. सगळ्या आठ गुंठ्यांची माती एकत्र करून एक पुडी देऊ नका. रंगाचा कोपरा वेगळा, तेलाचा पट्टा वेगळा, हरळीची कड वेगळी आणि विहिरीजवळची वेगळी. प्रत्येक तुकड्यात पाच-सहा ठिकाणी वरची एक वीत माती घ्या, ती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, परत मिसळा, परत तसंच, असं अर्धा किलो उरेपर्यंत. आणि एक नमुना त्याच्या खालच्या वीतभराचा, म्हणजे किती खोल गेलंय ते कळेल. पत्र्याचं घमेलं वापरू नका, त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि रिपोर्टमध्ये जस्त उगाच वाढून येतं, प्लास्टिकचा टब आणि स्टीलचा डाव चालेल. तेलाचा नमुना मात्र प्लास्टिकच्या पिशवीत नाही, काचेच्या बरणीत गच्च भरून, वर हवा न ठेवता, बर्फात ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवायचा, कारण हलका भाग उडून जातो. मासळीचा बर्फ तुमच्याकडे आहेच.

शाळेतली बाई

एक घरगुती टेस्ट मुलांकडून करून घेता येईल. हळिवाचं बी. हे बी जगभर मातीचा विषारीपणा बघायला वापरतात कारण दोन-तीन दिवसात उगवतं आणि मूळ फार नाजूक असतं. एका थाळीत चांगली माती, दुसरीत त्या पट्ट्यातली, तिसरीत निम्मी-निम्मी, प्रत्येकीत मोजून सारखे दाणे, सारखं पाणी. किती उगवले आणि मूळ किती लांब गेलं ते पट्टीने मोजायचं. यातून शिसं किती ते कळणार नाही, पण कुठल्या भागात माती किती बिघडलीय त्याचा नकाशा फुकटात तयार होतो, आणि पुढे दर हंगामात तेच करून सुधारणा होतेय का ते बघता येतं. मुलांनी माती हातात घेऊ नये, चमचा वापरावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

मृण्मयी_द

हळिवाची आयडिया फारच छान, नक्की करा. तेलकट थाळीत बी उगवलं नाही तर लगेच विष म्हणून मोकळे होऊ नका. तेल मुरलेली माती पाणी धरतच नाही, वरून थेंब घरंगळून जातात, त्यामुळे बी नुसतं तहानेने मरतं. आधी माती पाण्यात नीट कालवून मगच बी टाका.

आता धातू. जगात अशी झाडं खरंच आहेत जी धातू स्वतःच्या अंगात साठवतात. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याचा चीक निळसर हिरवा असतो कारण सुकलेल्या चिकाच्या वजनात वीस-पंचवीस टक्के निकेल असतं. फ्लोरिडात २००१ मध्ये कळलं की एक नेचा आर्सेनिक ओढून घेतो, तो नेचा आपल्याकडे पण जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवतो, टेरिस व्हिटाटा म्हणतात. पण ही प्रत्येक जात एखाद-दुसऱ्या धातूपुरती असते आणि तुमचा प्रश्न आर्सेनिकचा नाही, शिशाचा आहे. शिसं मातीला इतकं घट्ट धरतं की झाडाच्या पानापर्यंत जवळजवळ चढतच नाही.

मोहरीने शिसं काढायचं म्हटलं तर हिशोब बघा, आकडे मी उदाहरणाला घेतेय. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, वरची २० सेंटिमीटर माती म्हणजे साधारण २६ टन. समजा शिसं ५०० पीपीएम आहे (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, किलोमागे एक मिलिग्रॅम), म्हणजे एका गुंठ्यात १३ किलो शिसं. मोहरीचं चांगलं पीक आलं, गुंठ्याला १०० किलो वाळलेला पाला, आणि त्यात २०० पीपीएम शिसं चढलं, जे खरं तर आशावादी आहे. एका पिकात निघालं किती? २० ग्रॅम. म्हणजे साडेसहाशे पिकं. हे गणित न करता लोक 'मोहरी लावा' सांगतात त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण गावातल्या माणसाची मेहनत फुकट जाते.

चढावं म्हणून अमेरिकेत मातीत ईडीटीए नावाचं रसायन टाकून बघितलं, झाडात शिसं चढलं खरं पण मोकळं झालेलं शिसं पावसाच्या पाण्याबरोबर खाली भूजलात पण जायला लागलं. तुमच्या उतारावर विहीर आहे आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कुणीही सुचवलं तरी हे करायचं नाही.

सूर्यफुलाचं परसबाग यांनी विचारलं, चेर्नोबिलजवळ तळ्यातल्या पाण्यावर तराफे सोडून त्यावर सूर्यफुलं लावली होती, पाण्यातून मुळांनी किरणोत्सारी द्रव्यं ओढली. तेच फुकुशिमाला मातीत करून बघितलं तर फारसं काही हाती लागलं नाही, कारण तिथलं किरणोत्सारी सीझियम चिकणमातीत अडकून बसतं. पाण्यातलं काढणं आणि मातीतलं काढणं यात एवढा फरक आहे.

म्हणून तुमच्या रंगाच्या कोपऱ्यासाठी ध्येय बदला. शिसं काढायचं नाही, हलू द्यायचं नाही. धूळ उडू नये, पावसात वाहू नये, विहिरीत आणि खाडीत जाऊ नये. इथे वाळा सगळ्यात उपयोगी. त्याची मुळं सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जातात, आडवी पसरत नाहीत, खारटपणा आणि आंबट माती दोन्ही सोसतो आणि घेतलेला धातू बहुतेक मुळातच ठेवतो, पात्यात फार कमी चढवतो. इथे आपल्याला तेच पाहिजे. मात्र या वाळ्याची मुळं पाण्याच्या माठात टाकायला किंवा पडद्याला अजिबात काढायची नाहीत, हे गावात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण वाळा दिसला की कुणीतरी खणणारच.

काजूबोंडू

माका ह्या शास्त्रातला जास्त काय कळणा नाय, पण आमच्या हयसर वेंगुर्ल्याकडे खाणीची माती कशी सांभाळूची लागता ता बघलंय म्हणान लिवतंय. खाणीतली काढलेली माती उघडी पडली की पयल्याच पावसात लाल चिखल सगळो खाली शेतात आणि व्हाळात येता, भातार चढता आणि मग पीक नाय. नुसती झाडा लावन भागना नाय. आधी उतारार आडवे बांध, चर, मगे गवात आणि मगे झाडा. ऑस्ट्रेलियन बाभूळ बिगी बिगी वाढता पण तिच्या खाली दुसरा काय येना नाय, म्हणान मी सांगतंय करंज, उंडी, सुरू लावा. खाऱ्या वाऱ्याक ही झाडा आमची जुनी. झाड मोठा होईसर गवातच माती धरून ठेवतला.

मृण्मयी_द

काजूबोंडू, अगदी बरोबर क्रम सांगितलात. सुरूच्या मुळांवर फ्रँकिया नावाच्या जीवाणूंच्या गाठी असतात, ते हवेतलं नत्र बांधतात, म्हणून नापीक रेतीत पण सुरू वाढतो. करंज शेंगावर्गातलं, त्याला रायझोबियमच्या गाठी येतात. दोन्ही झाडं अशा उपाशी जमिनीला स्वतःचं खत स्वतः आणतात.

खाडीवरचा

ताई, अजून एक घोळ आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला जिथं पाझर आहे तिथं डबक्यावर इंद्रधनुषी तवंग येतो आणि बाजूला नारिंगी गाळ बसतो. म्हणजे तेल तिथपर्यंत पोचलं का? गावात घबराट आहे.

लॅबवाला

तवंगात काडी घालून बघा. तेलाचा असेल तर काडी फिरवल्यावर फाटतो आणि लगेच परत जुळून येतो, रंग गोल गोल फिरतात. काडीने त्याचे काचेसारखे टोकदार तुकडे झाले आणि ते तसेच वेगळे तरंगत राहिले तर तो लोखंड खाणाऱ्या जीवाणूंचा पापुद्रा आहे. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असतंच, नारिंगी गाळ पण त्याचाच. तरी वास घ्या आणि त्या पाण्याचं एक सॅम्पल द्याच.

खाडीवरचा

आत्ता जाऊन बघून आलो. तुकडे झाले! टोकदार, आणि परत जुळले नाहीत, वास काहीच नाही. तिथं उभ्या असलेल्या दोन काकूंनी पण काडी घालून बघितली. मोठं ओझं उतरलं. सॅम्पल तरीपण देतोय.

परसबाग

मग बचत गटाच्या भाजीचं काय? मला त्या बायकांची काळजी वाटतेय, त्यांच्या हातचं उत्पन्न आहे. भाजीत शिसं चढत नाही म्हणालात तर लावू दे की.

मृण्मयी_द

नको, आणि कारण सांगते. शिसं मुळातून पानात फारसं चढत नाही हे खरं, पण पावसाच्या शिंतोड्यांनी माती पानावर उडते, माठ-पालकासारख्या पालेभाजीत ती चिकटून राहते, मुळा तर सरळ मातीतच वाढतो. बायका वाकून खुरपणी करणार, हाताला-नखांना माती, सोबत लहान मुलं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि यापेक्षा कमी ही मात्रा सुरक्षित अशी रेघच नाही. कॅडमियम असलं तर ते पानात खरोखर चढतं, आणि अळू-माठ त्यात पुढे. रिपोर्ट येईपर्यंत त्या जमिनीत खाण्याचं काही लावायचं नाही हे गावकीत ठरवून टाका.

रिपोर्ट आल्यावर हरळीची कड स्वच्छ निघाली तर तिथं बाहेरची माती आणून उंच वाफे करता येतील, खाली जाड थर देऊन. किंवा त्यांना त्या जागेत न खाण्याचं काम द्या, करंज-सुरूची रोपवाटिका पिशव्यांमध्ये, बाहेरच्या मातीत. झेंडू-शेवंती पण होईल. उत्पन्नही मिळेल आणि धोका पण नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या गावाला जमण्यासारखी आहे. शिशाला स्फुरद मिळाला की त्याचं पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज तयार होतं, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पोटात गेलं तरी शिसं फार कमी सुटतं. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एका जुन्या वस्तीत २०११ मध्ये तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याने लोकांच्या अंगणातल्या मातीत माशांच्या हाडांचा चुरा मिसळला, शिसं बांधायला, वर स्वच्छ माती आणि हिरवळ घातली. हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असतं, बाकी काही जादू नाही. तुमच्याकडे मासळी सुकवणाऱ्यांकडे हाडं-काटे किती निघतात? उकडून, मांस काढून, उन्हात खडखडीत वाळवून, कुटून पूड. आधी हातभर जागेत करून बघा, मिसळायच्या आधी आणि नंतर लॅबवाल्यांकडून विरघळणारं शिसं मोजून घ्या, मग पुढे. नुसतं ऐकून सगळा कोपरा कालवू नका. आणि शिसं फारच जास्त निघालं, तर तेवढा वरचा वीतभर थर काढून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी द्यावा लागेल, तशी सोय रायगडात तळोज्याला आहे. कोपरा लहान आहे, मार्ग निघेल.

नाखवा२२

हाडं भरपूर. बोंबील सोडा, पण मोठ्या माशाचे काटे मार्केटच्या मागं ढीगच असतो.

तिवरांचं पण कुणीतरी लिहा. आमच्याकडे काही जण म्हणतात की बंदराकडचा तो काळा गाळ उपसून टाका, खाडी साफ होईल.

मृण्मयी_द

अजिबात उपसू नका! तिवरांच्या खालचा काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ आहे ना, त्यात सल्फेट वापरणारे जीवाणू असतात, त्यांना ऑक्सिजन लागत नाही. ते सल्फाइड तयार करतात आणि तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम त्या सल्फाइडला चिकटून बसतात. तो गाळ म्हणजे तुमच्या बंदराने इतकी वर्षं सोडलेल्या धातूंचं कुलूप आहे. उपसून हवेवर टाकला की सल्फाइडचं आम्ल होतं आणि सगळे धातू परत पाण्यात. शिवाय तिवर तोडणं, तिथं भर टाकणं कायद्याने बंद आहे. त्या रांगेला हात न लावणं हेच तिथलं काम. फक्त जुन्या बंदराच्या तोंडावरची कालवं काढणाऱ्या बायकांना सांगा की थोडं लांब, खाडीच्या तोंडाकडची काढा. कालव तासाला कितीतरी लिटर पाणी गाळतं आणि तांबं-जस्त अंगात साठवतं.

खाडीवरचा

मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. आता मिरगाच्या आत नक्की काय करू ते एकदा सांगा, परवा गावकीची बैठक आहे.

मृण्मयी_द

पावसाळ्यात तेल तोडायचं काम करायचं नाही, जमीन चिंब असते, हवा नसते आणि उकरलेली माती खाडीत वाहून जाईल. आत्ता फक्त अडवायचं. जागेच्या वरच्या बाजूने चर खणून डोंगराचं पाणी बाजूला वळवा. विहिरीच्या आणि खाडीच्या अंगाला मातीचा बांध, त्याच्या आतल्या बाजूला वाळ्याची दोन ओळींची दाट लागवड, एका ओळीत दोन रोपांत वीतभरापेक्षा कमी अंतर, पहिला पाऊस स्थिरावला की लगेच. रंगाच्या कोपऱ्यावर ताडपत्री, कडेने दगड. बाकी जागेत हरळी पसरू दे, जिथं उगवतंय तिथं धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) फेका, तो खारट जमीन सोसतो आणि नत्र देतो. उगवलेला धैंचा गुरांना घालू नका.

दसऱ्यानंतर तेलाचा पट्टा घ्यायचा. वीतभर उकरायचा, त्यात कुजलेलं शेणखत आणि सोडणांचा भुसा किंवा भाताचा तूस मिसळायचा म्हणजे हवा खेळेल. युरिया थोडा थोडा, एकदम मारला तर जीवाणू पण मरतात. मग माती वाफशावर ठेवायची, ना कोरडी ना चिखल, आणि दर पंधरवड्याला वरखाली करायची. आपली हवा जीवाणूंना अगदी मानवते, थंड देशात जे काम उन्हाळ्यातच होतं ते तुमच्याकडे दसऱ्यापासून पावसापर्यंत सलग चालेल. डिझेल आधी जाईल. काळं जळकं इंजिन ऑइल चिवट असतं, त्याचा जड भाग वर्षानुवर्षं राहू शकतो, त्यामुळे एका हंगामात सगळं होईल असं बैठकीत सांगू नका. वास गेला आणि हळीव नीट उगवलं की त्यावर हरळी आणि वाळा लावायचा आणि पुढचं मुळांवर सोडायचं. आणि उकरणाऱ्यांनी हातमोजे-गमबूट घाला.

लॅबवाला

रंगाच्या कोपऱ्यावर जे काही उगवेल त्याचा पाला जाळू नका हे पण वहीत लिहा. धातू धुरात आणि राखेत जातो. वाळा छाटला तर तिथंच खाली आच्छादन म्हणून पसरा. आणि जुनं ऑइल नवीन जेटीवर परत जमिनीवर ओतलं जाणार असेल तर हे सगळं पाच-दहा वर्षांनी तिकडे परत करावं लागेल. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात येतं, ते शुद्ध करणारे अधिकृत लोक विकत घेतात. जेटीवर झाकणाचा ड्रम ठेवा, नाखवांना सांगून.

नाखवा२२

ड्रम माझ्याकडून. आमच्या सोसायटीत बोलतो, बाजूच्या दोन गावांचे पण नाखवे येतात तिथं. रंग खरवडताना खाली ताडपत्री अंथरायची आणि पापुद्रे गोळा करायचे हे पण त्याच बैठकीत घेतो.

काजूबोंडू

वाळ्याचे ठोंब आमच्या मळ्यात होया तेवढे आसत. कोणतरी पावणो हयसर येतलो तर गोणी भरून देतंय. पाना वीतभर ठेवन छाटूची आणि मुळा ओल्या गोणपाटात गुंडाळूची, दोन-तीन दिवस टिकतत.

खाडीवरचा

शनिवारी भाचा कुडाळहून येतोय, त्याला तुमच्याकडे पाठवतो, मेसेज केलाय. सॅम्पलच्या बरण्या आज गरम पाण्याने धुवून वाळत घातल्यात, उद्या सकाळी ओहोटीच्या वेळी बाईंच्या शाळेतली मोठी मुलं नकाशा काढायला येतायत, माती मीच काढणार. रिपोर्ट आले की इथेच टाकतो.